नाकासमोर चालणारे बापूसाहेब

सिल्वासा,
१४ जानेवारी १९९०

रमाकांत,

तुझा पत्ता आम्हाला माहीत नाही, म्हणून पाकिटावर तुझ्या साप्ताहिकाचा पत्ता घातलाय आणि वर ‘नाकासमोर’चे चित्रकार एवढंच लिहिलंय. पोस्टातल्या माणसाला वाटेल, बाई वाचक म्हणून कौतुकाचं पत्र पाठवतायत. वाटू दे. थोडंफार तसं ते आहेच.

आज संक्रांत. आळीतली सगळी पोरं गच्चीवर पतंगांना लटकलेली आहेत, ‘काप्यो, काप्यो’ म्हणून कान किटवलेत. अण्णा शेजारी तिळगूळ द्यायला गेलेत आणि गप्पा मारत बसलेत, म्हणून मला ही सवड मिळाली. मी तुला लिहितेय हे त्यांना ठाऊक नाही, आणि इतक्यात कळायलाही नको.

आधी हे सांगून टाकते, की तू धडधाकट आहेस हे मला बापूसाहेबांनी सांगितलं. तू गेलास त्याला तिसरं वर्ष लागलं. पत्र नाही, निरोप नाही. सुरुवातीला मी वेड्यासारखी तुझ्या मित्रांना विचारत फिरायचे. मग एकदा एस.टी. स्टँडवर काळू पेपरवाल्याकडे ते साप्ताहिक चाळलं, आणि शेवटच्या पानावर तू काढलेले आमचे बापूसाहेब छत्री काखोटीला मारून निघालेले. तेव्हापासून दर आठवड्याला पेपर घ्यायचा, मागचं पान आधी उघडायचं, ते दिसले की हुश्श करायचं. चित्र आलंय म्हणजे हात चालतोय, हात चालतोय म्हणजे दोन वेळचं पोटात जातंय. बाकीचा पेपर मी वाचलाच पाहिजे असं नाही.

तू दिवाळी अंकात पहिल्यांदा बापूसाहेब काढलेस त्यानंतरचं तुला सगळं माहीत नाही, म्हणून लिहिते. ती कातरलेली मिशी, कोटाच्या खिशाला दोन पेनं, आणि रस्त्यात म्हैस आडवी बसलेली असली तरी वळसा न घालता नाकासमोरच चालायचं. अरे शहाण्या, अख्ख्या कलेक्टर कचेरीनं आपल्या अण्णांना ओळखलं. अण्णा रिटायर झाले म्हणून काय झालं, त्यांना विसरलंय कोण? किलवणी नाक्यावरचा पानवाला त्यांना ‘आवो बापूसाहेब’ म्हणाला, त्या दिवसापासून अण्णांनी नाकाच बंद केला. बासष्ट साली रत्नागिरीहून इथं बदलून आल्यापासून जो माणूस त्या रस्त्यानं मान वर करून गेला, तो आता मागच्या शेताच्या बांधावरून बाजारात जातो. ‘माझं हसं करून पोट भरणारा मुलगा मला नको’ असं ते तुला दारात म्हणाले ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. ते पुन्हा उगाळत नाही. पण बांधावरून जाताना त्यांच्या धोतराला काटे लागतात आणि मी ते वेचत बसते, हे तुला कळायला हवं होतं.

आता कौतुक. मला सगळ्यात आवडलेली तुझी चित्रपट्टी म्हणजे रेल्वे फाटकाची. फाटक बंद, बापूसाहेब उभे. बाजूनं सायकली जातायत, बैलगाडी जातेय, एक बाई डोक्यावर हंडा घेऊन वाकून पलीकडे जाते. बापूसाहेब उभेच. शेवटच्या चौकटीत फाटकवाला त्यांना चहा आणून देतो आणि म्हणतो, साहेब, रूळ काढून नेले त्याला वर्षं झाली. आणि बापूसाहेब म्हणतात, फाटक उघडण्याचा हुकूम आलाय का? मी शाळेच्या स्टाफरूममध्ये इतकी हसले, की मुख्याध्यापकांनी पाणी मागवलं.

दुसरी, ज्यात बोलण्याचा एकही फुगा नाही ती. बापूसाहेब घरी येतात. एका खुंटीला टोपी अडकवतात, दुसरीला छत्री. तिसरी खुंटी रिकामी. तिच्याकडे बघतात आणि जेवायला बसतात. ही वाचून मी हसले नाही. असलं काही काढायचं असलं तर पुढच्या वेळी आधी कळव, मी घरी येऊन वाचीन.

आणि एक तक्रार. शेजारच्या काकू म्हणून जी बाई नेहमी हातात झारा घेऊन दारात उभी असते आणि सगळ्यांना शिकवते, ती कोण? माझा अंबाडा एवढा मोठा नाही.

खरी बातमी राहिलीच. इथलं ते गुजराती साप्ताहिक, अण्णा दर शनिवारी सरकारी सूचना वाचायला घेतात ते, त्यात गेल्या महिन्यापासून तुझी पट्टी यायला लागलीय. ‘नाकासमोर’चं ‘नाकनी दांडीए’ असं नाव केलंय. चित्रं तीच, फक्त बापूसाहेब गुजराती बोलतात, आणि बरं बोलतात. तू आम्हाला न सांगता गुजरातीत पोचलास, मोठा माणूस झालास. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो पेपर आपल्या घरात येतो. अण्णांनी पहिल्या शनिवारी ते पान उघडलं, मिटलं, आणि पेपर उशीखाली ठेवला. मी चुलीला घालायला मागितला, तर म्हणाले, राहू दे, त्यात टेंडर आहे.

टेंडर म्हणे. बघू या काय होतं ते.

तुझी
सुमनताई

सिल्वासा,
२२ एप्रिल १९९०

रमाकांत,

उत्तर नाही. मी अपेक्षाही केली नव्हती, थोडी केली होती.

पण मला आज इतकं बरं वाटतंय, की तू उत्तर दे अगर देऊ नकोस, मी लिहिणार. अण्णा तुझी पट्टी वाचतात. चोरून नाही, उघड, माझ्यासमोर, भिंग घेऊन. सुरुवात रजेच्या पट्टीनं झाली. साहेब दौऱ्यावर, कार्यभार बापूसाहेबांकडे. बापूसाहेबांना भाचीच्या लग्नाला जायचंय. ते या खुर्चीत बसून अर्ज लिहितात, उठून त्या खुर्चीत जाऊन बसतात, आपलाच अर्ज वाचतात आणि ‘कारण समाधानकारक नाही’ असा शेरा मारून नामंजूर करतात. मी भाजी निवडत होते. अण्णांनी भिंग खाली ठेवलं आणि कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले, स्वतःची रजा स्वतःला मंजूर वा नामंजूर करता येत नाही, फाइल वर पाठवावी लागते, ह्याला नियम माहीत नाहीत.

अरे, ‘ह्याला’ म्हणाले. इतकी वर्षं तुझा उल्लेखच नव्हता, नाव नाही, सर्वनामसुद्धा नाही. मी मान खाली घालून निवडत राहिले, हातात भाजी होती की देठं होती ते देवाला ठाऊक. आणि त्याच संध्याकाळी ते किलवणी नाक्यावरून बाजारात गेले. पानवाला पुन्हा काहीतरी बोलला असणार, कारण येताना स्वतःशी हसत होते. मी विचारलं नाही. आपल्या घरात चांगलं काही घडत असलं की विचारू नये, ते बावरतं.

आता एक काळजीचं. काळूनं तुझं मराठी साप्ताहिक आणणं बंद केलं. खपत नाही, म्हणतो, तुम्ही आणि एक जण एवढेच घेता. त्यामुळे आता मी गुजरातीच वाचते. वाचायला येतंच, निम्मे पालक गुजराती, त्यांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून शिकले. पण गेल्या काही आठवड्यांत तुझा हात बिघडलाय. बोटं जाडी काढतोस, केळ्याच्या फण्या जशा. बापूसाहेबांची मान मध्येच नाहीशी होते. गोष्टीतही आधीचा खट्याळपणा नाही, परवा ते नुसते घसरून पडले आणि सगळे हसले, झालं. हे तुझं नाही. घाईत काढतोस का? ताप आला होता का? डोळ्यांना त्रास आहे का? अण्णांसारखा मोतीबिंदू आपल्या घराण्यातच आहे, वेळीच दाखवून घे.

तरी एका गोष्टीनं मी फार सुखावले. मागच्या दोन्ही पट्ट्यांत बापूसाहेबांच्या मागे ते मसाटच्या कारखान्याचं धुराडं आहे. तेच, वाकडं, वर कावळा बसलेलं. अण्णांनी शब्द टाकून मिळवून दिलेली तिथली स्टोअरकीपरची नोकरी तू सोडलीस म्हणून घरात केवढं रामायण झालं होतं, आणि आता मुंबईत बसून तू ते धुराडं आठवून काढतोस. बाजूला ताडाची झाडं, त्यांना मडकी लावलेली. म्हणजे तुला हे गाव आठवतं. मला तेवढं पुरे आहे.

अण्णांना मी अजून तुझ्याबद्दल एक अक्षर बोललेले नाही. पण दिवाळीला बोलेन असं मनात आहे. तोवर तू बापूसाहेबांना नीट सांभाळ.

सुमनताई

सिल्वासा,
५ ऑगस्ट १९९०

रमाकांत,

हे शेवटचं पत्र. ख्यालीखुशाली वगैरे काही लिहीत नाही.

काल शनिवारी पेपर आला. अण्णांनी भिंग घेतलं, मागचं पान काढलं. मी स्वयंपाकघरात होते, बराच वेळ आवाज नाही म्हणून बाहेर आले. पान त्यांच्या मांडीवर होतं. पहिल्या चौकटीत बापूसाहेब खाटेवर, दुसऱ्यात डॉक्टर मान हलवतोय, तिसऱ्यात भिंतीवर त्यांचा फोटो, फोटोला हार, खाली उदबत्ती. आणि खाली लिहिलेलं, समाप्त.

असं करायचं होतं तुला? सरळ पट्टी बंद करायची होतीस. बदली करायची होतीस, काशीला पाठवायचं होतंस. सगळं गाव ज्याच्यात अण्णांना बघतं, अण्णा स्वतः ज्याच्यात स्वतःला बघायला शिकले होते, त्याला हार घालून भिंतीवर टांगलास. ते वाचतात हे मी तुला एप्रिलमध्ये लिहिलं होतं. माहीत असून केलंस.

अण्णा संध्याकाळी जेवले नाहीत. आज दुपारी, सकाळची आंघोळ झालेली असताना, त्यांनी विहिरीचं गार पाणी बादलीत काढलं आणि नेसत्या धोतरानिशी डोक्यावरून घेतलं. मी दारात उभी राहून बघत होते. मला वाटलं उकडतंय. मग ते ओलेत्यानं आत आले आणि म्हणाले, “त्यानं मला मारलं. मीही त्याच्या नावानं आंघोळ केली. झालं, मोकळे झालो दोघंही.”

आता तू या घराचा कुणी नाहीस, रमाकांत. राग वेगळा, राग उतरतो. ही आंघोळ आहे आणि अण्णा बोललेलं मागे घेणारे नाहीत. मी इतके महिने कशाकशावर पाणी सोडून हे जुळवत आणलं होतं ते तुला सांगण्यात अर्थ नाही. काय मिळवलंस ते तुझं तूच बघ.

सुमन

सिल्वासा,
२९ ऑगस्ट १९९०

अरे मेल्या, माझ्या रम्या,

तुझं कार्ड आज शाळेच्या पत्त्यावर आलं. प्रार्थनेची घंटा होत होती. मी ते उभ्यानं वाचलं आणि पायरीवरच बसले. मुलं रांगेत उभी आणि बाई पायरीवर पदर तोंडाला लावून हसतायत. सातवीतल्या वैशालीनं येऊन हळूच विचारलं, बाई, कोणी गेलं का? मी म्हटलं, नाही गं, कोणी गेलेलं नाही. कोणीच गेलेलं नाही.

तुझं कार्ड मला आता पाठ झालंय. ‘ताई, बापूसाहेब मेलेले नाहीत. या आठवड्यात ते छत्रीला ठिगळ लावायला गेलेत. गुजरातीचं मला काही माहीत नाही, मी पट्टी कुणाला दिलेली नाही. अण्णांना सांग. कात्रणं पाठवतो.’ तुझी पत्रं ऑफिसात फळीवर पडून होती आणि तू पट्ट्या टपालानं पाठवतोस, स्वतः आठ-आठ महिने तिथं फिरकत नाहीस, म्हणून तिन्ही एकदम मिळाली म्हणतोस. मग चार ओळींचं कार्ड कसलं टाकतोस? पण असू दे. आज मला तुझं सगळं चालेल.

मधल्या सुट्टीत मी मुख्याध्यापकांना डोकं दुखतंय सांगून निघाले आणि तडक वापी रस्त्यावर त्या गुजराती साप्ताहिकाच्या छापखान्यात गेले. मालक नटुभाई गल्ल्यावर बसून गाठिया खात होते. मी झाऱ्याशिवायच होते, पण तू काढतोस तशीच दिसत असेन, कारण ते उठून उभे राहिले. मी विचारलं, ही पट्टी कुठून आणता? त्यांनी काहीच लपवलं नाही. मुंबईचं मराठी साप्ताहिक घ्यायचं, कात्रण काढायचं, फुग्यात गुजराती भरायचं. नानुं पेपर छे बेन, चाले, असं म्हणाले. मी म्हटलं, पेपर लहान असला तरी चालत नाही, आणि का चालत नाही ते त्यांना चांगलं समजावून सांगितलं. पुढे काय करायचं ते तू कळव, पट्टी तुझी आहे.

मग मी विचारलं, आणि मारलं कोणी? त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं.

आत एक तिशीतला माणूस काचेवर वाकून बसला होता. काचेखाली बल्ब, काचेवर कुठल्याशा जाहिरातीचं कात्रण, त्यावर पातळ कागद, आणि तो गिरवतोय. वाल्मिक त्याचं नाव, साक्रीकडचा. एरवी मसाटला कारखान्यांचे बोर्ड रंगवतो, आठवड्यातून एकदा इथं. तुझी पट्टी तोच गिरवायचा, आणि चांगली गिरवायचा, मी तीन महिने फसले यावरून बघ. पण काळूनं तुझं साप्ताहिक आणणं बंद केलं, तिथं त्याच्याकडची कात्रणं संपली. नटुभाईंनी सांगितलं, तूच काढ. मग त्यानं आपल्या अकलेनं काढली. ती जाडी बोटं त्याची. ते घसरून पडणं त्याचं.

ते धुराडंही त्याचंच रे. रोज शिडीवर चढून बोर्ड रंगवताना समोर तेच दिसतं, म्हणून काढलं. मी त्याला नको इतक्या वेळा विचारलं, नक्की तुम्हीच काढलंत? हो ताई, मीच. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. एप्रिलपासून त्या धुराड्यावर मी जगत होते. पण बापूसाहेब जिवंत आहेत म्हटल्यावर धुराडं गेलं तर गेलं.

मग मुद्द्याचं. पंख्याच्या कारखान्याची जाहिरात आली, नटुभाईंना जागा हवी होती, ते म्हणाले याला संपव. वाल्मिक बिचारा सांगत होता, “ताई, माणसाले संपवायचं म्हणजे कसं, मले एकच माहीत व्हतं. उन्हाळ्यात माझा बाप गेला. मी पोचलो तवर सगळं आटपलं व्हतं. फोटोले हार घालून आलो, तोच हात चालला.”

मी भांडायच्या तयारीनं गेले होते. मी त्याला एवढंच सांगितलं, की ज्या माणसाला तुम्ही फोटोत बसवलंत तो किलवणी नाक्याजवळ राहतो आणि भात खातो. तो घाबरला. त्याला वाटत होतं, बापूसाहेब नुसतं चित्र आहे.

अण्णांना आज सांगितलं नाही. नुसतं माझ्या तोंडचं ते मानणार नाहीत, मी तुझी बाजू घेते असं म्हणतील. कात्रणं येऊ देत. पण मी रात्रीच्या भातावर आज तूप जरा जास्तच वाढलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं.

सुमनताई

सिल्वासा,
९ सप्टेंबर १९९०

प्रिय रमाकांत,

सावकाश वाच. कार्डावर मावणार नाही म्हणून चांगला फुलस्केप घेतलाय.

तुझं कात्रणांचं बाड मंगळवारी मिळालं. घरी नेऊन अण्णांच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं. नटुभाई, काच, बल्ब, पंख्याची जाहिरात, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, पण बाडाला हात लावला नाही. म्हणाले, ज्याच्या नावानं आंघोळ केली त्याची वस्तू घरात नको, माळ्यावर टाक नाही तर परत कर. मी म्हटलं, अहो, पण त्यानं केलेलंच नाही. तर म्हणाले, हे तू सांगतेस. ज्यानं केलं त्यानं सांगितलेलं नाही.

नियम म्हणजे नियम. मी बाड माळ्यावर टाकलं आणि त्यांच्याच नियमानं जायचं ठरवलं. आज रविवार, कारखाने बंद. सकाळी रिक्षा करून मसाटला गेले, वाल्मिकच्या खोलीवर. तो कपडे धूत होता. त्याला म्हटलं, चला, बापूसाहेबांकडे. तो नको नको म्हणत होता, पण त्याच्या बायकोनं, जयानं, आतून त्याचा इस्त्रीचा शर्ट आणून हातात दिला आणि म्हणाली, “जा ना, माणूस जिता आहे तोवर माफी मागता येते.” तो निमूट निघाला.

अण्णा ओटीवर खुर्चीत. वाल्मिकनं वाकून नमस्कार केला आणि उभाच राहिला. म्हणाला, बाबा, मी मारलं, तुमच्या मुलानं नाही मारलं. मला वाटलं अण्णा उठून आत जातील. पण त्यांनी चष्मा पुसला, ताठ बसले, आणि तुला सांगते, पाच वर्षांपूर्वीचे, कचेरीतले अण्णा खुर्चीत येऊन बसले. त्यांनी रीतसर चौकशीच सुरू केली.

“कोणाच्या हुकमावरून?”

“शेठच्या.”

“लेखी होता?”

“नाही बाबा, तोंडी.”

“तोंडी हुकमावर माणूस मारलास?”

वाल्मिक माझ्याकडे बघायला लागला. मग अण्णांनी आणखी विचारलं. मूळ चित्रकाराला कळवलं होतं का, नाही. त्याची संमती घेतली होती का, नाही. ती रजेच्या अर्जाची पट्टी कोणाची, तुझी की त्याची? वाल्मिक म्हणाला, ती मुंबईची, मी फक्त गिरवली, मले तसं सुचत नाही. अण्णांनी मान डोलावली. मला त्या मान डोलावण्यातच सगळं कळलं होतं. पण चौकशी चालू असताना मध्ये बोललेलं त्यांना खपत नाही.

शेवटी वाल्मिकनं आपल्या वडिलांचं सांगितलं. तो हार आणि ती उदबत्ती खरी कोणाची होती ते. अण्णांनी त्याला विचारलं, वडिलांचं वय काय होतं? आजार काय होता? शेवटी तुझ्याबद्दल काही बोलले का? वाल्मिकनं सांगितलं, बोलले असतील, मी नव्हतो. अण्णांनी मला चहा टाकायला सांगितला. त्याला खुर्ची दिली. मी चहा घेऊन बाहेर आले, तेव्हा दोघं साक्रीकडच्या पावसाबद्दल बोलत होते.

तो गेल्यावर अण्णा आत आले आणि माळ्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, त्या दिवशीची आंघोळ चुकीच्या माहितीवर झाली होती. चुकीच्या माहितीवर काढलेला हुकूम मुळातच रद्द असतो, त्याला वेगळा रद्द करावा लागत नाही.

मी तिथंच जमिनीवर बसले, रमाकांत. हसू यायला लागलं ते आवरेना आणि मग रडू आलं, तेही आवरेना. एवढे दिवस छातीवर पाटा ठेवल्यासारखं झालं होतं. ते मला म्हणाले, काय झालं तुला, ऊठ, बाड काढ.

काढलं. खिडकीशी खुर्ची, मांडीवर बाड, हातात भिंग. जेवण निवून गेलं. मी आतून ऐकत होते. कधी घशातल्या घशात हसायचे. कधी ‘चूक, चूक’ म्हणायचे, तुझे नियमांचे गोंधळ असतील. छत्रीच्या ठिगळाची पट्टी त्यांनी मला हाक मारून दाखवली. शिंप्यानं लावलेलं ठिगळ बघून बापूसाहेब म्हणतात, मूळ कापडाशी रंग जुळत नाही, त्यापेक्षा छत्रीच ठिगळाच्या रंगाची करून द्या. अण्णांना हे पटलं होतं. मला ते त्यात विनोद काय ते विचारत होते आणि हसतही होते.

उन्हं कलली तेव्हा त्यांनी मला भिंतीवरचा आरसा काढून मागितला. मला वाटलं डोळ्यात कचरा गेला. तर एका हातात तुझं कात्रण धरलं, दुसऱ्यात आरसा, आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघत बसले. तू काढतोस ती कातरलेली काळी मिशी त्यांनी गेल्या वर्षी काढून टाकली, पांढरी झाल्यावर नको वाटायला लागली. वलसाडला मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून चष्म्याच्या काचा जाड झाल्यात, डोळे मोठे दिसतात. गाल बसलेत. तो दोन पेनांचा कोट खांद्यावरून उतरतो म्हणून ते घालतच नाहीत. हे सगळं मी रोज बघते, म्हणून मला कधी दिसलंच नाही.

त्यांनी आरसा माझ्या हातात दिला. कात्रण नीट घडी करून उशीखाली ठेवलं. आणि म्हणाले, “लिही त्याला. म्हणावं, मी आता असा दिसत नाही. आधी येऊन बघ, मग काढ.”

तुझी
सुमनताई